प्रवाळासोबत टँकमध्ये शिरलेला हा जीव कोण? मारण्याआधी ओळखायचा कसा

२००९ सालची गोष्ट. इंग्लंडमधल्या कॉर्नवॉल भागात न्यूकी नावाचं गाव आहे. तिथल्या ब्लू रीफ मत्स्यालयातल्या एका टाकीत काही महिने विचित्र प्रकार चालला होता. मासे जखमी सापडत, काही गायब होत. प्रवाळाचे तुकडे मधोमध कापल्यासारखे दिसत. कर्मचाऱ्यांनी आमिष लावून सापळे ठेवले, तर सकाळी सापळेच मोडलेले. शेवटी टाकीतले दगड एकेक करून बाहेर काढले, तेव्हा सुमारे चार फूट लांबीचा, अंगावर इंद्रधनुषी चमक असलेला एक किडा हाती लागला. त्याचं नाव 'बॅरी' ठेवलं गेलं आणि त्याला स्वतंत्र टाकी मिळाली.

बॅरीला कुणी विकत आणलं नव्हतं. लहान असताना एखाद्या दगडाच्या किंवा प्रवाळाच्या भोकात बसून तो आला असावा आणि तिथेच वाढला. अशा बिनतिकिटाच्या प्रवाशांना रीफ टँक पाळणारे 'हिचहायकर' म्हणतात. घरात खाऱ्या पाण्याचा टँक ठेवून त्यात जिवंत प्रवाळ वाढवणाऱ्या प्रत्येकाला ते कधी ना कधी भेटतात. रात्री बारा वाजता टॉर्च मारल्यावर दगडातून काहीतरी वळवळत आत जातं, त्याचा धूसर फोटो काढला जातो आणि पहिला प्रश्न असतो, 'हे काय आहे?' दुसरा लगेच येतो, 'मारू का?'

क्रम तोच ठेवायला हवा, आधी ओळख आणि मग निर्णय. कारण यातले बहुतेक जीव निरुपद्रवी असतात, काही तर प्रवाळाचे रखवालदार असतात. आणि ज्याच्यामुळे घरातल्या माणसांवर दवाखान्यात जायची वेळ आली आहे तो जीव दिसायला मुळीच भीतिदायक नसतो.

हे जीव येतात कुठून?

आपल्याकडे पोवळं म्हटलं की अंगठीतला लाल खडा आठवतो. पण जिवंत प्रवाळ म्हणजे हजारो छोट्या प्राण्यांची वसाहत. एकेका प्राण्याला पॉलिप म्हणतात. हे पॉलिप खाली चुनखडीचा सांगाडा बांधत जातात, त्यामुळे प्रवाळ दगडासारखं दिसतं. या सांगाड्यात फटी, भोकं, कपारी भरपूर. समुद्रातून काढलेल्या मूठभर प्रवाळात खेकडे, किडे, गोगलगायी, स्पंज, त्यांची अंडी असं अख्खं गाव राहत असतं. 'लाइव्ह रॉक' म्हणून विकल्या जाणाऱ्या समुद्री दगडांचंही तेच.

आता बरेच लोक कोरडे दगड वापरतात आणि शेतीसारखं वाढवलेल्या प्रवाळाचे छोटे तुकडे, म्हणजे 'फ्रॅग' विकत घेतात. त्यामुळे बॅरीसारखे मोठे पाहुणे कमी झाले. पण फ्रॅग ज्या गोल चकतीवर चिकटवलेला असतो, तिच्या खालच्या बाजूला अंडी घालणारे बारीक जीव मात्र एका टँकमधून दुसऱ्यात सर्रास फिरतात.

फोटोआधी निरीक्षण

'लांब आहे आणि पाय भरपूर आहेत' एवढ्यावरून कुणालाही नीट उत्तर देता येत नाही. त्यापेक्षा जागा पाहावी. जीव प्रवाळाच्या जिवंत मांसल भागावर बसलाय, खालच्या उघड्या सांगाड्यावर आहे, की शेजारच्या दगडावर? जिवंत भागावर सतत बसणारा जीव एकतर प्रवाळाचा जोडीदार असतो किंवा प्रवाळ खाणारा. दगडावर फिरणारे बहुतेक शेवाळ नाहीतर उरलंसुरलं खातात. मग खुणा पाहाव्यात. प्रवाळावर गोल फिकट ठिपके पडलेत का, एका कडेने पांढरा सांगाडा उघडा पडत चाललाय का, की प्रवाळ ठणठणीत आहे? प्रवाळ ठणठणीत असेल तर घाई कसलीच नाही.

इथे एक चूक फार होते. प्रवाळ पाण्यातल्या बिघाडामुळे मरतं, मेलेल्या भागावर किडे आणि खेकडे जेवायला जमतात आणि ते दिसले की आळ त्यांच्यावर येतो. सडका आंबा पाहून त्यावरच्या माश्यांनीच तो सडवला म्हणण्यासारखं हे आहे. म्हणून संशयिताला पकडण्याआधी पाण्याचा खारटपणा, तापमान आणि अल्कलिनिटी तपासलेली बरी.

यातले बरेच जीव रात्री बाहेर पडतात. दिवे बंद झाल्यावर तास-दीड तासाने टॉर्चवर लाल जिलेटीन कागद लावून पाहिलं तर ते लगेच पळत नाहीत, कारण लाल प्रकाश त्यांच्यापैकी अनेकांना नीट जाणवत नाही. फोटो काढताना पंपाचा प्रवाह थांबवावा, मोबाईल काचेला सरळ टेकवावा आणि आकार कळण्यासाठी शेजारी माहितीची एखादी वस्तू येऊ द्यावी. निळ्या दिव्यात काढलेल्या फोटोत सगळंच निळं दिसतं, तेव्हा पांढरा दिवा हवा. प्रवाळ कुठून आलं तेही विचारून ठेवावं. कॅरिबियन समुद्रातल्या आणि इंडोनेशियातल्या दगडांवरचे पाहुणे वेगळे असतात, तेवढ्याने अर्धी यादी बाद होते.

केसाळ किडा म्हणजे खलनायक नव्हे

सगळ्यात जास्त घाबरवतो तो ब्रिसल वर्म. गुलाबी-करड्या रंगाचा, गोमेसारखा, दोन्ही बाजूंना पांढऱ्या केसांचे झुपके. बोटभर लांबीचा हा किडा रात्री फटीतून डोकं बाहेर काढतो आणि माशांचं उरलेलं खाणं, विष्ठा, मेलेले जीव साफ करतो. हा टँकचा झाडूवाला. त्याची संख्या अचानक वाढली असेल तर त्याचा अर्थ एवढाच, की टँकमध्ये खाणं जास्त पडतंय. खाणं कमी केलं की किडेही कमी होतात.

हाताने मात्र त्याला धरू नये. सुरवंटाचे केस लागल्यावर जशी आग होते, तशीच याचे केस कातडीत रुतल्यावर होते. रुतलेच तर चोळू नये, चिकटपट्टी लावून ओढून काढावेत.

त्याचा नातेवाईक फायर वर्म, शास्त्रीय नाव हर्मोडिस कॅरुनक्युलाटा, हा मात्र खरोखर प्रवाळ खातो. तो अटलांटिक, कॅरिबियन आणि भूमध्य समुद्रातला. अंगाने जाड, बाजूला पांढऱ्या केसांसोबत लालसर पिसांसारखे कल्ले. पण नक्की ओळख पटवते ती डोक्यावरची मांसल, चुण्या पडलेली झालर. साध्या ब्रिसल वर्मला ती एवढी ठळक नसते. फांदीचं टोक तोंडात धरून बसलेला किडा आणि तो गेल्यावर मागे पांढरं पडलेलं टोक, असं दिसलं तर शंका खरी धरायला हरकत नाही.

बॅरी ज्या गटातला, त्या युनिसिड किड्यांना डोक्यावर बारीक शिंगांसारख्या पाच मिशा असतात, अंग नळीसारखं गोल आणि चमकदार असतं आणि केस फारसे दिसत नाहीत. लहान असताना यातले अनेक मुख्यतः शेवाळ आणि उरलेलं अन्न खातात. प्रश्न मोठ्यांचा. त्यांना पकडताना ओढू नये, कारण किडा तुटतो आणि डोक्याकडचा तुकडा आतच राहतो. तो ज्या दगडात राहतो तो दगडच बाहेर काढावा लागतो. न्यूकीला तेच करावं लागलं होतं.

दगडातून दोन-तीन पारदर्शक धागे बाहेर येऊन शेवयांसारखे पसरलेले दिसले, तर तो स्पॅगेटी वर्म. पंख्यासारखा तुरा उघडून हात जवळ जाताच फटकन मिटणारा तो फेदर डस्टर. काचेवरच्या, मोहरीएवढ्याही नसलेल्या पांढऱ्या चकल्या म्हणजे स्पायरॉर्बिड किड्यांची घरं. या तिघांनाही सुखाने राहू द्यावं.

चिरडलं की वाढणारं समुद्रफूल

एप्टेशिया हे नाव रीफ टँकवाल्यांमध्ये शिवीसारखं उच्चारलं जातं. तपकिरी, काचेसारखं अर्धपारदर्शक, इंचभर उंचीचं हे समुद्रफूल. बारीक टोकदार शुंडकं, मधे तोंड आणि स्पर्श होताच भोकात गडप होण्याची सवय. त्याच्यासारखंच पण आखूड, टोकाला गोळे असलेल्या शुंडकांचं ते मजानो. दोन्ही शेजारच्या प्रवाळाला डंख मारतात आणि जागा बळकावतात.

दिसल्या दिसल्या ते चिमटीने खरवडणं हा सगळ्यात वाईट उपाय. एप्टेशिया सरकताना तळव्याचे बारीक तुकडे मागे सोडतं आणि त्या प्रत्येक तुकड्यातून नवं समुद्रफूल तयार होतं. खरवडणं म्हणजे आपल्या हाताने पेरणी करणं. (याच चिवटपणामुळे प्रयोगशाळांना ते प्रिय आहे. प्रवाळाच्या पेशीत राहणाऱ्या शैवालाचं आणि प्रवाळाचं नातं कसं जुळतं, ते का तुटतं, याचा अभ्यास एप्टेशियावर होतो, कारण त्याच्याही अंगात तसंच शैवाल असतं आणि ते मरता मरत नाही.)

उपाय आहेत. कॅल्शियम हायड्रॉक्साइडची घट्ट पेस्ट सिरिंजने थेट तोंडावर सोडतात. पानाला लावायचा चुना मूळचा हाच पदार्थ, पण पानटपरीवरच्या डबीत आणखी काय मिसळलंय ते कळत नाही, म्हणून टँकसाठी शुद्ध भुकटीच घ्यावी. एका वेळी दोन-चार समुद्रफुलांनाच द्यावी, नाहीतर पाण्याचा सामू एकदम चढतो. पेपरमिंट कोळंबी एप्टेशिया खाते, मात्र दुकानात तिच्या नावाने कधी कधी मिळते ती कॅमल कोळंबी. ठळक पांढऱ्या रेघांची, पाठीला पोक असलेली. ती प्रवाळाचे पॉलिप कुरतडते. बर्गिया नावाची छोटी समुद्री गोगलगाय तर एप्टेशियाशिवाय दुसरं काही खातच नाही, त्यामुळे ते संपलं की तिची उपासमार होते. तिला वेळेत दुसऱ्या गरजू टँकवाल्याकडे पाठवणं ही साधी माणुसकी.

सगळ्यात धोकादायक पाहुणा तपकिरी बटणासारखा असतो

दगडाच्या कोपऱ्यात तपकिरी किंवा हिरवट, जाड देठाच्या बटणांचा पुंजका दिसतो. कडेला आखूड शुंडकं, मधे चपटी तबकडी. हे झोअँथिड गटातले जीव. रंगीत झोअँथिड लोक हौसेने विकत घेतात. पण पॅलिथोआ नावाची साधी तपकिरी जात बऱ्याचदा दगडासोबत फुकट येते, वाढत जाते आणि मग मालक ती काढायला निघतो. धोका तिथे सुरू होतो.

काही पॅलिथोआंमध्ये पॅलिटॉक्सिन नावाचं विष असतं. निसर्गात सापडणाऱ्या अतिशय जहाल विषांपैकी हे एक. १९७१ मध्ये हवाई विद्यापीठाच्या रिचर्ड मूर आणि पॉल शॉयर यांनी माउई बेटावरच्या हाना भागातल्या पॅलिथोआपासून ते वेगळं केलं. तिथल्या लोकांना हा जीव जहरी आहे हे पिढ्यान्‌पिढ्या माहीत होतं. आपल्या पेशींच्या आवरणात सोडियम आणि पोटॅशियमची ने-आण करणारे पंप असतात. पॅलिटॉक्सिन या पंपाला चिकटून त्याचं सताड उघडं भोक करून टाकतं. स्नायू, हृदय, फुफ्फुसं, कशाच्याही पेशी याला अपवाद नाहीत.

टँकमध्ये नुसतं असल्याने हे जीव कुणाला काही करत नाहीत. त्रास होतो तो दगड बाहेर काढून ब्रशने घासल्यावर, आणि सगळ्यात जास्त उकळतं पाणी ओतल्यावर. वाफेबरोबर आणि तुषारांबरोबर विष हवेत जातं आणि घरातले सगळे ते श्वासावाटे घेतात. अमेरिकेत एकाने नको असलेल्या झोअँथिडवर उकळतं पाणी ओतलं, वाफ नाकात गेली आणि त्याला रुग्णालय गाठावं लागलं. २०१८ मध्ये इंग्लंडच्या ऑक्सफर्डशायरमधल्या एका घरात टँकमधलं प्रवाळ बाहेर काढून साफ केल्यावर अख्खं कुटुंब आजारी पडलं आणि मदतीला आलेल्या अग्निशमन दलाच्या जवानांनाही रुग्णालयात न्यावं लागलं. अलास्कात २०१२ ते २०१४ दरम्यान घरांत आणि मत्स्यालयाच्या दुकानात झालेल्या अशा घटनांची नोंद अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने २०१५ मध्ये प्रसिद्ध केली.

कोणत्या पुंजक्यात विष आहे हे नजरेने ठरवता येत नाही. दिसायला सारख्या वसाहतींपैकी एकीत ते अजिबात नसतं, दुसरीत भरपूर असतं. म्हणून झोअँथिडसारखं काहीही दिसलं तर ते विषारी धरूनच वागावं. उकळतं पाणी, मायक्रोवेव्ह, कोरडं घासणं, बाहेर उन्हात वाळवून फोडणं, यातलं काहीही करू नये. दगड पाण्याखाली ठेवूनच हाताळावा. हातमोजे आणि चष्मा हवाच, कारण कापताना उडणारी पिचकारी डोळ्यात गेली तर डोळ्याला गंभीर इजा होते. हाताला जखम असेल तर त्या दिवशी टँकमध्ये हात घालू नये. पूर्ण दगडच टाकायचा असेल तर तो एक भाग ताजं घरगुती ब्लीच आणि नऊ भाग पाणी अशा मिश्रणात, हवेशीर जागी, बराच वेळ बुडवून ठेवतात. त्याने विष निकामी होतं. अर्थात हे बादलीत, टँकमध्ये नव्हे.

तोंडात कडवट किंवा धातूसारखी चव, खोकला, धाप, ताप, अंगदुखी असं काही जाणवलं तर सगळ्यांनी, पाळीव प्राण्यांसह, त्या खोलीतून बाहेर पडावं आणि थेट रुग्णालय गाठावं. डॉक्टरांना 'पॅलिटॉक्सिन' हा शब्द सांगावा. नाहीतर हे फ्लूसारखं वाटून वेळ जातो.

खेकडा: रखवालदार की चोर?

फांद्यांच्या प्रवाळात, आत खोलवर, बोटाच्या पेराएवढा गुळगुळीत चकचकीत खेकडा बसलेला दिसला तर त्याला हात लावण्याआधी थांबावं. हा ट्रॅपेझिया असण्याची शक्यता मोठी. कवच समलंब चौकोनासारखं, चपटं, केस नाहीत, अंगाच्या मानाने नांग्या मोठ्या. तो पोसिलोपोरा जातीच्या प्रवाळात राहतो. त्याचे भाऊबंद टेट्रालिया अ‍ॅक्रोपोरात राहतात. प्रवाळाचा चिकट स्राव खायचा आणि बदल्यात घर राखायचं असा हा व्यवहार. काटेरी मुकुटाचा तारामासा, जो प्रवाळाची शेतंच्या शेतं फस्त करतो, तो जवळ आला की हे छोटे खेकडे त्याच्या नळीसारख्या पायांना चिमटे काढून परतवतात.

त्यांचं दुसरं काम आणखी रोजचं, झाडलोट. फ्रेंच पॉलिनेशियातल्या मोरेआ बेटाजवळ शास्त्रज्ञांनी काही प्रवाळांतले खेकडे काढून घेतले आणि काहींमध्ये राहू दिले. खेकडे असलेली सगळी प्रवाळं तगली. खेकडे नसलेल्यांवर गाळ साचला आणि त्यातली बरीचशी महिनाभरात मेली. हा प्रयोग २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. म्हणजे 'खेकडा दिसला, काढून टाक' हा सल्ला इथे थेट प्रवाळाच्या जिवावर उठणारा आहे.

उलट अंगभर केस, नांग्यांची टोकं काळी, राहायला दगडातलं भोक, आणि रात्री बाहेर येऊन प्रवाळ किंवा गोगलगायी फोडणारा खेकडा संशयित. नांगीचं टोक चमच्यासारखं असेल तर तो मुख्यतः शेवाळ खरवडणारा, टोकदार असेल तर शिकारी, असा एक ठोकताळा आहे. तो दर वेळी खरा ठरत नाही. नको असलेला खेकडा पकडायला काचेचा पेला दगडाला तिरका टेकवून ठेवतात आणि तळाशी कोळंबीचा तुकडा टाकतात. खेकडा आत उतरतो, गुळगुळीत काचेवरून वर चढू शकत नाही. सकाळी पेला उचलायचा, काम झालं.

टँकमधून रात्री 'टक्‌ टक्‌' आवाज येत असेल तर दोन शक्यता. पिस्तूल कोळंबी एक नांगी फटकन मिटून आवाज काढते आणि सहसा कुणाच्या वाटेला जात नाही. दुसरी मँटिस श्रिंप. तिचे डोळे देठांवर स्वतंत्र फिरतात आणि तिच्या मोठ्या जातींचा ठोसा सेकंदाला २० मीटरहून अधिक वेगाने बसतो. टँकमधले खेकडे आणि शंख फुटलेले सापडत असतील तर तीच. तिला हाताने पकडायचा विचारही करू नये.

गोगलगायी आणि तारामासे

चपट्या कानासारखा शिंपला पाठीवर घेऊन सुसाट पळणारी स्टोमॅटेला ही लॉटरी लागल्यासारखी गोष्ट. शेवाळ खाते, बाकी कुणाला त्रास नाही. झोअँथिडच्या पुंजक्यात काळ्या-पांढऱ्या चौकटींची गोल गोगलगाय दिसली तर ती हेलिअ‍ॅकस, आणि ती झोअँथिडच खाते. सामान्य टँकमध्ये तिला काढतात. शंकूसारखा नक्षीदार शंख दिसला तर मात्र बोट लावू नये. कोन शंखांना विषारी भाला असतो आणि त्यातल्या काही जातींनी माणसं मारली आहेत. असा पाहुणा दुर्मीळ आहे, पण चूक एकदाच करता येते.

दगडाला चिकटलेली कडक वाकडी नळी आणि तिच्या तोंडातून निघालेलं कोळ्याच्या जाळ्यासारखं चिकट सूत, ही व्हर्मेटिड गोगलगाय. आठ पायांचा कोळी म्हणा की होडीवरचा, उपमा दोन्हीकडून चालते, जाळं टाकून बसायचं आणि अडकेल ते ओढून खायचं. जाळं प्रवाळावर पडलं की पॉलिप मिटून राहतात आणि वाढ खुंटते. नळी मुळापासून तोडावी किंवा तोंडावर ग्लूचा थेंब सोडावा.

बोटाच्या नखाएवढे पांढरट तारामासे काचेवर दिसले तर ते अ‍ॅस्टरिना. त्यांचे हात बऱ्याचदा असमान असतात, कारण एक जीव मधोमध फाटून त्याचे दोन होतात. बहुतेक फक्त काचेवरचं शेवाळ खातात. काही झोअँथिडवर बसलेले सापडतात. रोज त्याच पुंजक्यावर बसत असतील आणि तो मिटलेला राहत असेल तर उचलावेत.

जे दिसत नाहीत ते

खरं नुकसान करणारे तीन-चार जीव इतके छोटे, की ते शोधायला भिंग लागतं. अ‍ॅक्रोपोराचा रंग उडतोय, पॉलिप बाहेर येत नाहीत आणि फांदीवर अर्ध्या मिलिमीटरचे पिवळे ठिपके हलताहेत, प्रत्येकावर एक लाल बिंदू, तर ते रेड बग्ज. हे किडे नव्हेत, खेकडा-कोळंबीच्या गोतावळ्यातले कोपेपॉड. कुत्र्यांच्या जंतांवरचं मिल्बेमायसिन हे औषध त्यांना मारतं, पण त्याच वेळी टँकमधल्या कोळंब्या आणि वर सांगितलेला रखवालदार खेकडाही मारतं. जनावरांच्या डॉक्टरांना न विचारता ते पाण्यात ओतू नये.

अ‍ॅक्रोपोरा खाणारा चपटा किडा प्रवाळाचंच मांस खाऊन प्रवाळाच्याच रंगाचा होतो. त्यामुळे तो दिसत नाही, त्याच्या जेवणाचे गोल फिकट डाग दिसतात. फांदीच्या बुडाशी, उघड्या सांगाड्यावर तपकिरी अंड्यांचे गोल थर असतील तर खात्री पटते. याउलट काचेवर आणि वाळूवर पसरलेले, गंजाच्या रंगाचे, शेपटाकडे खाच असलेले सपाट ठिपके प्रवाळ खात नाहीत. पण ते एवढे वाढतात, की प्रवाळाचा प्रकाश अडतो. त्यांना औषधाने एकदम मारलं तर मरताना त्यांच्यातून सुटणारं विष माशांना मारू शकतं. आधी नळीने जमतील तेवढे शोषून काढायचे, मग औषध, मग कार्बन आणि पाणी बदलणं, हा क्रम उलटा करू नये.

माँटिपोरा खाणाऱ्या पांढऱ्या, पाठीवर बोटांसारखे तुरे असलेल्या चिमुकल्या समुद्री गोगलगायीची कथा वेगळीच आहे. टँकवाले तिला वर्षानुवर्षं 'माँटिपोरा खाणारी' एवढ्याच नावाने ओळखत होते. २०२० मध्ये शास्त्रज्ञांनी तिचं रीतसर वर्णन केलं, ते मत्स्यालयातल्या नमुन्यांवरून, आणि नाव दिलं फेस्टिला सबओडिओसस. लॅटिनमध्ये या विशेषणाचा अर्थ 'काहीसा त्रासदायक'. ज्यांची माँटिपोराची चकती तिने आठवड्यात संपवली आहे, त्यांना 'काहीसा' हा शब्द फारच सौम्य वाटेल. पण घरातल्या टँकमध्ये दिसलेला 'अनोळखी जीव' विज्ञानालाही अनोळखी असू शकतो, हे यातून कळतं.

टँकमध्ये घालण्याआधी

नवं प्रवाळ थेट टँकमध्ये सोडू नये. पांढऱ्या रंगाच्या भांड्यात टँकचंच पाणी घेऊन त्यात आयोडीनचं किंवा प्रवाळासाठी मिळणारं द्रावण पाकिटावरच्या प्रमाणात मिसळतात, प्रवाळ सांगितलेली मिनिटं बुडवतात आणि पिचकारीने हलकेच पाणी मारत राहतात. पांढऱ्या तळाशी काय काय गळून पडतं ते पाहणं हीच अर्धी तपासणी. ते पाणी टँकमध्ये जाऊ द्यायचं नाही. मात्र अशा बुडवणीने जीव मरतात, अंडी मरत नाहीत. म्हणून फ्रॅगची जुनी चकती तोडून टाकतात, सांगाड्यावरची अंडी खरवडतात आणि प्रवाळ दीड-दोन महिने वेगळ्या छोट्या टँकमध्ये ठेवून पुन्हा पुन्हा तपासतात. कंटाळवाणं काम आहे, आणि बहुतेक उपद्रव इथेच टळतो.

ट्रॅपेझिया खेकडा अंगावर असेल तर बुडवण्याआधी त्याला हलकेच बाजूला काढून नंतर परत सोडावं.

नको असलेला पण निरुपद्रवी जीव फिल्टरखालच्या सम्प टाकीत छान जगतो. समुद्रात, खाडीत किंवा गटारात मात्र काहीही सोडायचं नाही. १९८४ मध्ये मोनॅकोच्या किनाऱ्याजवळ मत्स्यालयातल्या कॉलर्पा नावाच्या शेवाळाचा एक छोटा पट्टा आढळला होता. पुढे ते भूमध्य समुद्राच्या मोठ्या भागात पसरलं.

भारतात काय?

भारतातल्या वाचकांनी आधी कायदा पाहायला हवा. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत २००१ पासून दगडी प्रवाळ, काळे प्रवाळ, फायर कोरल आणि समुद्री पंखे यांचा समावेश आहे. म्हणजे कायद्याच्या नजरेत ते वाघाच्या रांगेत बसतात. मालवणच्या किंवा अंदमानच्या समुद्रातून प्रवाळाचा तुकडा उचलणं, विकणं, विकत घेणं हा गुन्हा आहे, तो तुकडा मेलेला असला तरी. दगडी प्रवाळाचा आंतरराष्ट्रीय व्यापारही साइट्स कराराखाली परवान्यानेच होतो. 'लोकल लाइव्ह रॉक' म्हणून कुणी स्वस्तात काही देत असेल, तर त्यावर बसलेला खेकडा ही त्यातली सगळ्यात छोटी अडचण समजावी.

हे जीव नुसते पाहायचे असतील तर टँकचीही गरज नाही. मुंबईत हाजी अलीजवळच्या खडकांवर मोठ्या ओहोटीला झोअँथिडचे हिरवे-तपकिरी गालिचे उघडे पडतात आणि त्यांच्या आसपास समुद्रफुलं, खेकडे, केसाळ किडे असतात. 'मरीन लाइफ ऑफ मुंबई' हा गट २०१७ पासून लोकांना अशा किनाऱ्यांवर फिरवून हे दाखवतो. बूट घालून जावं, गालिच्यावर पाय देऊ नये आणि हाताला जखम असेल तर लांबूनच पाहावं. यातल्या काही पुंजक्यांचं नावही पॅलिथोआच आहे.